टेपमधलं पुढचं

सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ते रेडिओ स्टेशन सुरू झालं, तेव्हा भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवले होते आणि जाहिराती होत्या तीनच: गाद्यांचं दुकान, चष्म्याचं दुकान आणि मालकाच्या मेहुण्याचा टायपिंगचा क्लास. त्यात मेहुणा फुकट. हे वर्षभरही चालणार नाही, असं गावातल्या शहाण्यांनी सांगून टाकलं होतं. शहाणे गेले, टायपिंगही गेलं, स्टेशन मात्र पंचवीस वर्षं चाललं.

तिथली पहिली निवेदिका, जिला सगळे नुसतं बाई म्हणत, ती छोटीची आई. छोटी आता तिशीला टेकली होती आणि त्याच खुर्चीत बसून सकाळचा कार्यक्रम करायची, पण स्टेशनात तिचं नाव छोटीच राहिलं.

शेजारच्या खोलीत, कपाटात एक जुनं यंत्र होतं. स्टेशनवरून अर्धं मिनिट आवाज गेला नाही, की ते आपोआप सुरू व्हायचं आणि त्यातली टेप वाजायची. स्टेशन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी बाईंनी ती घाईघाईत भरली होती. "थोडी अडचण आलीये. कुठे जाऊ नका, मी आलेच." एवढं वाजेपर्यंत कोणीतरी धावत जाऊन कार्यक्रम परत चालू करायचं आणि तंत्रज्ञ फ्यूजकाका टेप उलटी फिरवून ठेवायचे. पुढे गाणी आहेत अशी सगळ्यांची समजूत होती. पुढचं कधी कोणी ऐकलंच नव्हतं.

सलूनमध्ये, दवाखान्याच्या बाकावर रेडिओ मुका झाला, की लोक म्हणायचे, "आता बाई बोलणार." आणि बाई बोलायची. गावात नव्याने आलेल्यांना वाटायचं, असेल कोणी कामावरची. स्टेशन सुरू झालं त्याच वर्षी ती वारली, हे कळलं की माणूस घरचा रेडिओ जरा लांब सरकवायचा.

शेवटचं दवाखान्यात जाताना दारात चपला घालता घालता तिने चार वर्षांच्या छोटीला तेच सांगितलं होतं. मी आलेच. छोटी संध्याकाळपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिली. तेव्हापासून तिचा त्या शब्दांवर राग होता. घरातून निघताना माणसं "येते" म्हणतात, ही चक्क "जाते" म्हणायची.

"असं बोलू नये गं," बाबा म्हणायचे.

"परत नाही आले, तर निदान खोटी तरी ठरणार नाही," ही म्हणायची.

गावात तिची ख्याती होती ती न थांबता बोलणारी म्हणून. हिची जीभ आहे की पंखा, असं श्रोते कौतुकाने विचारायचे. ती बोलायची भीतीपोटी, हे कोणालाच माहीत नव्हतं. आपण गप्प बसलो की आई बोलेल, आणि परत तेच बोलेल. तोंडाला फेस येईपर्यंत बोलायची, पण फट राहू द्यायची नाही.

मग एका मोठ्या कंपनीने स्टेशन विकत घेतलं. उद्यापासून सगळे कार्यक्रम मोठ्या शहरातून येणार, इथे फक्त जाहिराती भरायच्या. त्यासाठी छोटीला ठेवलं होतं. आज तिचा शेवटचा कार्यक्रम, आणि तो संपला की कपाट यंत्रासकट भंगारात. कंपनीचे लोक खाली सायकलच्या दुकानात चहा पीत थांबले होते.

फ्यूजकाका गाणं चालू असताना आत आले.

"पोरी, ती टेप मी काढू शकत नाही. वाळलीये, हात लावला की तुटेल. ऐकायची असेल, तर आजच. यंत्रात आहे तिथेच, स्टेशन मुकं ठेवून."

"स्टेशन मुकं ठेवलं, तर उद्याची नोकरी गेलीच समजा."

"ते तू बघ. पुढची गाणी काय, बाजारातही मिळतील."

काका गेले. गाणं संपत आलं. इतकी वर्षं तिने टेपमधलं पुढचं मुद्दाम ऐकलं नव्हतं, कारण न ऐकलेलं असेपर्यंत आईचं काहीतरी शिल्लक होतं. ते संपवायचा तिला धीर नव्हता. पण न ऐकता भंगारात गेलं असतं, तर जन्मभर ते मागे लागलं असतं. गाणं संपलं. छोटीने माइक उघडला नाही. हात मांडीखाली दाबून बसून राहिली.

खोली इतकी शांत तिने कधी ऐकली नव्हती. मग टेबलावरच्या छोट्या रेडिओतून आई म्हणाली, "थोडी अडचण आलीये. कुठे जाऊ नका, मी आलेच."

गाणी नव्हती. खुर्ची सरकली. पावलं गेली, दार लागलं, आणि मागे उरली ती हीच खोली, हाच पंखा, कुरकुरणारा. बाई गाण्यांच्या टेपा आणायला गेली होती आणि रेकॉर्डिंग बंद करायचं विसरली होती. छोटी त्या रिकाम्या खोलीत बसून तीच रिकामी खोली ऐकत राहिली.

जिन्यावर बूट वाजले. "मॅडम, बंद पडलंय का?" बाहेरून कोणीतरी ओरडलं. फ्यूजकाकांचा आवाज आला, "चालू आहे. ऐका की जरा."

मग दार उघडलं. छोटीने दचकून मागे पाहिलं. दार बंदच होतं. उघडलं होतं ते रेडिओतलं. इवलीशी पावलं आत आली. बाबा खोकले, बाबांचा तरुण खोकला. आणि एक लहान मुलगी माइकच्या अगदी जवळ येऊन म्हणाली, "आई?"

तो आवाज आपला आहे, हे कळायला छोटीला वेळ लागला.

"आई कुठेय?" मुलीचा आवाज रडवेला झाला. पंखा कुरकुरत राहिला. मग लांबून चपला फटफटवत कोणीतरी धावत आलं.

"आले गं, आले. रडतेस काय? सांगितलं होतं ना, आलेच म्हणून?"

"कुठे गेली होतीस?"

"इथेच तर होते, वेडे."

खट्. टेप संपली.

छोटी टेबलावर डोकं ठेवून रडली, मनसोक्त, आवाज न करता, रेडिओवाल्यांना रडता येतं तसं. मग डोळे पुसून माइक उघडला, वेळ सांगितली, गाद्यांच्या दुकानाची जाहिरात वाचली आणि माइक बंद केला. बाहेर कंपनीचा माणूस लालबुंद होऊन उभा होता. ती त्याच्या बाजूने पुढे गेली.

फ्यूजकाका जिन्याच्या तोंडाशी उभे होते. तिने चपला घातल्या.

"येते काका," ती म्हणाली.