डोक्यानं मार, ब्रिन!

आमच्या सेंट लुईसमध्ये नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला: शाळा कुठली? माझ्या नवऱ्याला मात्र हे कोणी विचारत नसे. लायल ब्रेनेके म्हटलं की शहराच्या दक्षिण भागातले म्हातारे आपलंच कपाळ थोपटत आणि म्हणत, "तोच ना, टाळक्यानं गोल मारणारा?" तोच! पायानं तो फुटबॉल बेताचाच खेळायचा, पण हवेतला चेंडू डोक्यानं जाळ्यात घालावा तर त्यानंच. चर्चच्या तळघरात छताला दोरीनं चेंडू टांगून लहानपणापासून धडका मारल्या होत्या त्यानं. पुढे व्यावसायिक लीगमधल्या एका संघात गेला. पावसात भिजलेला चेंडू कसला जड व्हायचा, पण हा बाबा मागे हटेल तर शपथ.

मग ती लीगच बुडाली. आम्हाला ते रेडिओवरून कळलं, मी बटाटे सोलत होते तेव्हा. त्यानंतर आइस हॉकीच्या बर्फावर हिरवा गालिचा अंथरून छपराखाली फुटबॉलचे सामने व्हायचे, त्यात गुडघे जाईपर्यंत खेळला, आणि उरलेली वर्षं पाणी तापवायचे गॅसचे हीटर विकले. उभ्या अमेरिकेत त्याला कुत्रंही ओळखत नाही. आमच्या गल्लीत ओळखतात, आणि त्याला तेवढं पुरायचं.

गेली दोन वर्षं त्याच्याकडे आमच्या चर्चच्या नऊ वर्षांच्या मुलींचा संघ होता. आमची नात ब्रिन त्यातच. तिची आई, म्हणजे आमची जॅनेल, आधी तयारच नव्हती. ती नर्स आहे, डोक्याला मार लागलेली माणसं रोज बघते.

"बाबा, स्पष्ट सांगते. तिला एकदा जरी डोक्यानं मारायला लावलंत, तर तुम्हाला संघ सोडावा लागेल. मी स्वतः जाऊन चर्चमध्ये सांगेन."

"अगं, नियमच आहे तसा! या वयात चेंडूला डोकं लावलं की शिट्टी, आणि चेंडू समोरच्यांना. मी काय वेडा आहे?"

वेडा नव्हता. पण विसरायला लागला होता, आणि ते फक्त मला ठाऊक होतं. जन्मभर हीटर विकलेला माणूस, आमच्याच हीटरची ज्योत कशी पेटवायची ते मला विचारायला लागला. मुलींची नावं तर तोंडात येतच नव्हती. म्हणून मी माझी घडीची खुर्ची बरोबर त्याच्या पाठीशी मांडायची आणि गळा फाडून ओरडायची, "शाबास मॅडी! धाव कोरा!" की लगेच तो तेच नाव उचलायचा. बाकीच्या मुलींच्या आया म्हणायच्या, "डोरीन, खरी कोच तूच की गं!" मी म्हणायची, "मग काय! पगार दोघांनाही नाही!" असं सगळं हसण्यावारी न्यायचं. संघ गेला तर हा माणूस खिडकीशी बसून संपेल, या एकाच भीतीनं मी ते करत होते.

परवाच्या शनिवारी शेवटचा सामना होता. पंच वॉली श्टुम्फ, निवृत्त पोस्टमन आणि एकेकाळचा बचावपटू. लायलच्या कोपरानं त्याचं नाक कधीच वाकडं झालेलं.

"कोपरं घरी ठेवून आलास ना, लायल?"

"तू नाक आणलंस का ते सांग आधी!"

दोघं खो खो हसले. मलाही बरं वाटलं. आजचा दिवस चांगला आहे म्हटलं.

सामना एक-एक असा बरोबरीत आला. शेवटची काही मिनिटं, आणि आम्हाला कॉर्नर मिळाला. मॅडीनं चेंडू मारला तो चक्क उंच उडाला. या वयाच्या पोरींचे चेंडू गवत सोडत नाहीत, पण हा उडाला आणि गोलासमोर येऊन जणू थांबलाच.

"डोक्यानं मार, ब्रिन! मार!"

लायलचा हा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. पोरीनं आजवर आजोबांचा शब्द कधी मोडला नव्हता. तिनं डोळे घट्ट मिटले आणि कपाळ पुढे केलं. चेंडू जाळ्यात. त्याच क्षणी वॉलीची शिट्टी वाजली.

लायलला ती ऐकूच गेली नाही. तो मैदानात धावला, हात पसरून, आणि त्या मोडक्या गुडघ्यांवर गवतात घसरला. मग मान वर करून कोणाला तरी हात हलवू लागला. इकडे हात, तिकडे हात. समोर प्रेक्षक कुठले? तिथे आमच्या गाड्या उभ्या होत्या.

कोणीतरी खिदळलं. एका बापानं फोन वर धरला. शेजारची बाई मला म्हणाली, "बरं आहे ना गं त्याला?" आणि मी काय केलं? खुर्ची मागे सरकवली. देवाशपथ, सरकवली! बर्फाच्या पेटीत डोकं घालून पाण्याची बाटली शोधत बसले, समोर ढीगभर बाटल्या असताना. धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं मला.

वॉली त्याच्याजवळ गेला. "ऊठ रे लायल. गोल नाही."

"नाही? डोळे फुटले का तुझे?"

"अरे, नऊ वर्षांच्या पोरी आहेत या."

लायलनं आजूबाजूला पाहिलं. मुली पाहिल्या, कपाळ चोळणारी ब्रिन पाहिली. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "मी ओरडलो का?"

"हो रे."

तोवर जॅनेल मैदानात पोचली होती. ब्रिनच्या डोळ्यांत बघून, तिला चार प्रश्न विचारून तिनं तिला बाजूला बसवलं, आणि मग बापाकडे वळली. "एकच गोष्ट मागितली होती मी, बाबा! एकच!"

मला जायलाच हवं होतं. मी बाटली घेऊन निघाले. लायलची पाठ माझ्याकडे होती.

"मला कळतच नाही गं कधी कधी, मी कुठे आहे ते," तो म्हणत होता. "आत्ता मला वाटलं..."

जॅनेलचा राग जागच्या जागी विरला. "केव्हापासून असं होतंय? आईला माहीत आहे?"

"तिला नको सांगूस." त्यानं तिचा हात धरला. "तिला काही पत्ता नाही. ती मागून नावं ओरडत असते ना, त्यावर मी निभावून नेतो. तिला कळलं तर लाज वाटेल गं तिला माझी. चारचौघांत लाज वाटेल."

जॅनेलनं त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी तिथेच थिजले.

मग लायल वळला. मला पाहून त्यानं पाठ ताठ केली, गुडघ्यावरचं गवत झटकलं आणि हसला. "डोरीन, बरं झालं आलीस. मी हिला तेच सांगत होतो, गुडघे फार दुखतात. संघ सोडतो आता."

"सोड," मी म्हणाले. "गुडघ्यांचं मी कधीची सांगतेय."

बाटली त्याच्या हातात दिली, पण त्याच्या तोंडाकडे बघायचा धीर मला झाला नाही.