तूंगमूंजी बस

माझ्या शब्दकोशात, ‘भ’ संपून ‘म’ सुरू होतो तिथे, एक पत्र अडीच वर्षं पडून होतं. वहीचा फाडलेला कागद, चार घड्या. लिहिणारी आमच्याच घरात राहते, रोज माझ्यासमोर बसून जेवते, आणि ‘आजोबा, मीठ’ यापलीकडे माझ्याशी फारसं बोलत नाही. त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. उत्तर सुचत नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं तर उत्तर काय द्यायचं ते तिनेच पत्रात लिहिलं होतं.

मी इकडे तमिळ मुलखात, आवडी नावाच्या गावातल्या संरक्षण कारखान्यात राजभाषा विभागात चौतीस वर्षं होतो. इंग्रजी कागद हिंदीत करायचे, हे काम. आमच्याकडे कागद आधी कच्चा लिहायचा आणि मग पक्का करायचा अशी पद्धत होती. कच्च्यात जे घडलं ते असे. पक्क्यात साहेबांना वर पाठवता येईल ते. ‘क्रेनचा दोर तुटला’ हे कच्चं. ‘क्रेनच्या कार्यात किंचित व्यत्यय आला’ हे पक्कं. या कामात माझा हात चांगला बसला होता. दुसरं काही मला नीट जमलं असेल असं वाटत नाही.

माझी नात स्वरदा आठवीत होती तेव्हाची गोष्ट. एका शनिवारी दुपारी ती माझ्या खोलीत येऊन पलंगावर बसली.

“आजोबा, मला ब्लॉग करायचाय. मराठीत.”

“तुला मराठी वाचता कुठे येतं?”

ते खरंच होतं. घरी ती मराठी बोले, पण शाळेत तमिळ आणि फ्रेंच. देवनागरी अक्षरं तिला नुसत्या नक्षीसारखी वाटत.

“तुम्हाला येतं ना. मी बोलते, तुम्ही लिहा.”

“इंग्रजीतच लिही की. तुझं इंग्रजी चांगलं आहे.”

“नको.”

“का पण?”

“सुम्मा,” ती म्हणाली. तमिळमध्ये सुम्मा म्हणजे उगीच, असंच. नातीला काही सांगायचं नसलं की ती सुम्मा म्हणे. “आणि ब्लॉगचं नावही तेच. सुम्मा.”

मला इतका आनंद झाला की मी पुढे विचारलं नाही. या घरात माझ्या खोलीत कुणी आपण होऊन येत नसे. सून रुचिरा कामाला, मुलगा हेरंब श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या कारखान्यात. महिन्यातले दोन आठवडे त्याची रात्रपाळी.

तेव्हापासून दर शनिवारी ती बोले आणि मी एका वहीत जसंच्या तसं उतरवून घेई. ती मैत्रिणींकडे गेली की मी ते संगणकावर पक्कं करी. ती काय काय सांगे. चॉकलेटच्या चांद्या पुस्तकात दाबून ठेवायचा तिचा छंद. गणिताच्या बाई रागावल्या की तमिळ सोडून इंग्रजीत बोलतात ते. पालीला शेपूट परत येते, तर तिला जुन्या शेपटीची आठवण येत असेल का. मी लिहून घेताना हसत असे. पक्कं करताना मात्र हात आपोआप चाले. तमिळ शब्द काढून टाकायचे. ‘पंचवीसपैकी अकरा’ ऐवजी ‘अपेक्षेपेक्षा थोडे कमी गुण’. ब्लॉगला मी ‘स्वरदाची स्पंदने’ असं नाव दिलं. तिने पडद्यावर बोट ठेवून विचारलं, “वरती सुम्मा लिहिलंय ना?” मी हो म्हणालो.

ते पहिलं खोटं. तेव्हा ते मला खोटं वाटलंच नाही.

जुलैमधल्या एका शनिवारी ती जे बोलली ते कच्च्या वहीत असं आहे:

‘सकाळी साडेसातला मी व्हॅनसाठी कोपऱ्यावर उभी असते. तेव्हा रात्रपाळीच्या बस परत येतात. सगळे काचेला डोकं लावून झोपलेले. तोंडं उघडी. मी तिला तूंगमूंजी बस म्हणते. तूंगमूंजी म्हणजे झोपाळू. तिसऱ्या खिडकीत माझे बाबा असतात. मी रोज हात करते. त्यांना दिसत नाही. एकदा काचेला त्यांची लाळ लागली होती. मला हसू आलं, मग नाही आलं. ते घरी पोचतात तेव्हा मी शाळेत. मी घरी येते तेव्हा ते झोपलेले. ते उठतात तेव्हा मी ट्यूशनला. रात्रपाळीच्या आठवड्यांत माझे बाबा फक्त खिडकीत असतात.’

बोलून झाल्यावर तिने विचारलं, “हे बाबा वाचतील ना?”

“वाचतील की. नवा लेख आला की त्याच्या फोनवर येतो, तशी सोय करून घेतलीय त्याने.”

“मग ठीक.”

संध्याकाळी मी ते पक्कं करायला बसलो आणि मला अवघड वाटलं. हा ब्लॉग इथल्या मराठी मंडळातले लोकही वाचत. लाळ, उघडी तोंडं, न बघणारा बाप. हेरंबला किती वाईट वाटेल, लोक काय म्हणतील. मी लिहिलं: ‘रात्रभर कष्ट करून परतणारे माझे बाबा बसच्या खिडकीतून रोज मला हसून हात करतात, आणि माझा दिवस उजळतो.’ आणखी दोन परिच्छेद लिहिले. चांगले साधले होते.

गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यक्रमात पुष्कर नावाच्या आयटीतल्या मुलाने सूत्रसंचालन केलं. त्याने स्वरदाला मंचावर बोलावलं, “आपल्या मंडळाची सर्वांत लहान लेखिका,” असं म्हणाला, आणि फोनवरून तोच लेख वाचून दाखवला. ती त्याच्या शेजारी हसत उभी होती. ‘हसून हात करतात’ हे वाक्य आलं तेव्हा तिचं हसू गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हेरंब तिसऱ्या रांगेतून उठून पुढे गेला आणि तिला जवळ घेतलं.

“अगं, मी हात करतो हे मलाच माहीत नाही. झोपेत करत असणार,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

त्याच्या खांद्यावरून ती माझ्याकडे बघत होती.

पुढच्या शनिवारी ती नेहमीसारखी आली, पलंगावर बसली, बोलली. मी लिहून घेतलं. मला वाटलं, निभावलं. त्याच्या पुढच्याही शनिवारी आली. दोन महिने अशी ती येत राहिली. फक्त आता ती मी लिहीत असताना खिडकीबाहेर बघण्याऐवजी माझ्या हाताकडे बघे.

नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी ती म्हणाली, “आज तुम्हीच लिहा आजोबा.”

“काय लिहू?”

“काहीही. मला काय म्हणायचंय ते तुम्हाला माहीतच असतं.”

मी हे कौतुक समजलो. हे लिहितानाही कानशिलं तापतात. ती गेल्यावर मी तिच्या नावाने दिवाळीच्या फराळावर एक अख्खा लेख लिहिला आणि टाकला. ‘माझ्या चिमुकल्या हातांनी’ अशी सुरुवात होती.

दुसऱ्या दिवशी शब्दकोश उघडला तर आत पत्र. अक्षर पहिलीतल्या मुलाचं, देवनागरी, प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ.

‘आजोबा, मला आता वाचता येतं. मी सगळं वाचलं, पहिल्यापासून. गणपतीनंतर मी शनिवारी सांगायची आणि सोमवारी वाचायची. तुम्ही एकदा तरी मी म्हटलं तसं लिहाल असं वाटलं होतं. बाबा हात करत नाहीत. मला ते त्यांना सांगायचं होतं. तोंडाने सांगितलं तर ते सॉरी म्हणतात आणि परत तसंच. इंग्रजीत लिहिलं तर स्पेलिंग बघून गुड म्हणतात. मराठी ते नीट वाचतात, म्हणून मराठी. आता त्यांना वाटतं ते हात करतात. मी म्हटलं होतं तसं परत लिहा. मग मी येईन. स्वरदा.’

तिचं शुद्धलेखन सुधारायला माझ्या हातात नकळत पेन्सिल आली होती. ती मी खाली ठेवली. तेवढंच मी नीट केलं.

तिला वाचायला कुणी शिकवलं ते खालच्या मजल्यावरच्या शशिकलाबाईंनी सांगितलं. त्यांचं घराणं तंजावरचं, तीनशे वर्षं तिकडचं, मराठी जुन्या वळणाची.

“पोर रोज संध्याकाळीं येत होती. मीच शिकवलें. तुम्हांस ठाऊक नव्हतें?”

“नाही. मी असताना तुमच्याकडे का आली?”

“मीही तेंच पुसलें. म्हणाली, आजोबांची परीक्षा आहे, त्यांनाच कसें पुसूं.” त्या हसल्या.

मला हसू आलं नाही. दोन महिने माझ्या समोर बसून ती मला पारखत होती आणि मी तिला लेखिका करत होतो. मला राग आला. तेरा वर्षांच्या मुलीने आजोबांना फसवावं, असं मी मनात घोळवत राहिलो. फसवलं कुणी कुणाला, याचा हिशेब मला सोयीचा नव्हता, म्हणून मी तो टाळला.

आणि हेरंबचा प्रश्न होताच. त्याने तो लेख छापून घेऊन कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. पाहुण्यांना तो दाखवी. ‘झोपेतसुद्धा पोरीला विसरत नाही बघा,’ म्हणे. हे त्याच्याकडून काढून कसं घ्यायचं? आज नको, परीक्षा होऊ दे, पाळी बदलू दे, असं करत मी दिवस ढकलले. स्वरदाने ब्लॉगचं नावही काढलं नाही. आठवीची दहावी झाली. ती इंग्रजीत कुठेतरी लिहिते असं रुचिरा म्हणाली. मी पत्ता विचारला नाही. विचारायचा हक्क मला राहिला आहे असं वाटलं नाही.

मागच्या मंगळवारी दूध फाटलं म्हणून मी सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. एरवी त्या वेळी मी वाचत बसलेला असतो. पिशवी घेऊन वळलो तर पलीकडे स्वरदा दप्तर घेऊन उभी. मी हाक मारणार होतो, तेवढ्यात बस आली. तिसऱ्या खिडकीत हेरंब. डोकं काचेला, तोंड उघडं, चष्मा नाकावरून खाली आलेला. हात मांडीवर. बस सिग्नलला थांबली, अगदी तिच्यासमोर, चांगली मिनिटभर.

बस येताना दिसली तशी ती वळली होती. भिंतीकडे तोंड करून ती उभी राहिली. बस निघून गेल्यावर पुन्हा रस्त्याकडे वळली. इतक्या सवयीने वळली की ते रोजचं असणार हे मला कळलं.

मी दुकानाच्या खांबाआड थांबलो. व्हॅन आली, ती गेली.

घरी आलो तर हेरंब पाय धुऊन जेवायला बसत होता.

“बाबा, तुम्ही बाहेर? कमाल आहे.”

“दूध फाटलं होतं. स्वरदा दिसली कोपऱ्यावर.”

“हो ना, मला रोज दिसते.” त्याने पोळीचा घास मोडला. “म्हणजे मला नाही, मी ढगात असतो. पण हात जातोच. तिला दिसतो ना, झालं तर. नाहीतर या दोन आठवड्यांत आमची भेट कुठे? तेवढ्यावर माझं मन शांत असतं बघा.”

तो जेवला, खोलीत जाऊन पडला, पाच मिनिटांत घोरायला लागला.

बसमध्ये त्याला झोप श्रमाने येत असेल. पण गेली अडीच वर्षं तो निश्चिंत झोपला होता तो माझ्या वाक्यावर. ते वाक्य नसतं तर कदाचित एखाद्या सकाळी त्याने गजर लावला असता. एक गजर, सात अठ्ठावीसचा. मुलीने मागितलं होतं ते एवढंच.

माळ्यावरून कच्च्या वह्या काढल्या. जुलैचं पान सापडलं. संगणक सुरू केला. ब्लॉगचा पासवर्ड आठवायला वेळ लागला. तो तिनेच ठेवला होता, पालीच्या शेपटीवरून. आधी वरचं नाव बदलून ‘सुम्मा’ केलं. मग नवा लेख उघडला आणि वही शेजारी ठेवून एकेक शब्द टाइप केला. उघडी तोंडं ठेवली. लाळ ठेवली. ‘मला हसू आलं, मग नाही आलं’ यापाशी बोटं थांबली, पण हलवलं काही नाही. शीर्षक दिलं, ‘तूंगमूंजी बस’.

खाली रेघ मारून लिहिलं:

‘वरचा मजकूर स्वरदाने आठवीत असताना सांगितला. मी तो बदलून लिहिला होता. हेरंब, तू हात करत नव्हतास. ते वाक्य माझं होतं. ती करत होती, रोज. आता करत नाही. स्वरदा, फराळाचा लेख आणि बाकीचेही तुझे नव्हते, ते काढतो आहे. कच्च्या वह्या तुझ्या टेबलावर ठेवतो आहे. उत्तराला अडीच वर्षं लागली. तू येशील असं धरून चाललेलो नाही. आजोबा.’

पुन्हा वाचलं. ‘धरून चाललेलो नाही’ जरा जड वाटलं. सुधारायचा मोह झाला. तसंच ठेवलं आणि ‘प्रकाशित करा’चं बटण दाबलं.

भिंतीपलीकडे हेरंबचा फोन वाजला. त्याचं घोरणं थांबलं.