धुऊन परत आलेला बर्फाचा कोट

मित्रांनो, ज्या गावात बाराही महिने घाम येतो, त्या गावातला मी एक जुना, निळा, बर्फात घालायचा कोट आहे. सिंगापूरच्या क्लेमेंटी भागातल्या अनघाताईंच्या कपाटात मी वर्षातले अकरा महिने डांबराच्या गोळ्यांच्या सहवासात काढतो. माझ्या स्वभावावर त्याचा थोडा परिणाम झाला असेल.

कारखान्यात माझ्या अंगावर एक खास लेप चढवला होता. अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं पाणी माझ्यावरून घरंगळून जायचं. अनघाताईंनी मला एकदाच घातलं. पण डिसेंबरच्या सुट्टीत इथली मराठी घरं बर्फ बघायला निघतात, आणि चार दिवसांसाठी कोट कोण विकत घेणार? मी घरोघर फिरू लागलो. कौतुक फार झालं. प्रत्येक घराने मला परत देताना मशीनमध्ये धुतलं, सुवासिक सॉफ्टनर ओतलं, वर कडक इस्त्री केली. मागून आणलेली वस्तू मळकी परत करू नये, हे आपले संस्कार. सात घरांच्या संस्कारांत माझा लेप पार निघून गेला. दिसायला मात्र मी नवा कोरा.

यंदा मला उज्ज्वल आणि हर्षाने नेलं, उज्ज्वलच्या आईसाठी. कमलाबाई अकोल्याच्या. सदुसष्ट वर्षं उन्हात काढलेल्या. सिंगापुरात राहायच्या व्हिजिट पासचे दहा दिवस उरले होते. ‘ओंजळीत बर्फ घेतलेला फोटो आणते,’ असं त्या विहारातल्या बायकांना सांगून आल्या होत्या. आपले गुडघे पुन्हा एवढा प्रवास करू देणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं.

जपानच्या त्या स्की रिसॉर्टवर आम्ही पोचलो, तेव्हा दोन दिवसांपासून मुसळधार पाऊस लागला होता. उतारावर चिखल आणि पिवळं गवत. वर नेणारे पाळणे बंद. शंभरेक पावलांवर, मळक्या चादरीएवढा बर्फ तेवढा शिल्लक होता.

“आई, राहू द्या. आत बसून चहा घेऊ,” हर्षा म्हणाली.

“चहा काय अकोल्यात भेटत नाही? चाल रे, उज्ज्वल.”

वीस पावलांत पाणी माझ्या शिवणींतून आत शिरलं. चाळिसाव्या पावलाला माझं अस्तर भिजलं. अडवायचा प्रयत्न केला हो, पण कशाने अडवणार? साठाव्या पावलाला कमलाबाईंचे दात वाजू लागले.

उज्ज्वलने माझ्या बाहीत हात घातला. “आई, तू आतून चिंब झालीस! परत फीर.”

“इतकुसा तर राहिला, बापा.”

“ओठ निळे पडलेत तुझे. ऐक!”

त्याने त्यांना जवळजवळ उचलूनच खाली आणलं. संध्याकाळी ताप भरला. दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या खिडकीतून पाहिलं, तर ती चादरही वितळलेली. विहारातल्या बायकांचा फोन आला. “पाहिला ना,” कमलाबाई म्हणाल्या. “लांबून पाहिला.” आणि फोन पालथा ठेवला.

सिंगापूरला परतल्यावर हर्षाने मला धुतलं, इस्त्री केली आणि पोचतं केलं.

“कसा वाटला कोट?” अनघाताईंनी विचारलं.

हर्षाने माझी बाही सारखी केली. “छान! एकदम उबदार.”

गेल्या वर्षी मला घेऊन गेलेली, तुमच्यातल्याच मुकुलची आईसुद्धा माझ्यात भिजली होती. तीही हेच म्हणाली होती. फुकट मिळालेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची?

मित्रांनो, तुमचे आईबाबा माझ्यासारखं काही परत करायला निघाले, तर सोबत जा. ते सभ्य आहेत, ते बोलणार नाहीत. तुम्ही बोला. “ताई, हा कोट गळतो,” एवढंच. पुढच्या डिसेंबरसाठी तुमच्यातल्याच सुलेखाच्या आजोबांचं नाव आधीच लागलं आहे.