मालकिणीचं कार्ड

कार्डं वाटली गेली तेव्हाच काकूंचा पारा चढला.

परदेशात येऊन, आठ दिवस पाय तुटेस्तोवर हिंडून, शेवटच्या दिवशी लेकाने सगळ्यांना आणलं कुठे, तर एका जुन्या तीनमजली घरात कोंडून घ्यायला. तेही हौसेने, आणि सहा तास.

"एस्केप रूम म्हणतात याला," लेक म्हणाला. "कोडी सोडवायची, कुलपं उघडायची आणि बाहेर पडायचं. नेहमीची तासाभरात संपते. ही खास आहे. आत गेलं की आपण त्या घरातलीच माणसं."

दारात काळा झगा घातलेली एक बाई उभी होती. तिने प्रत्येकाच्या हातात कार्ड ठेवलं आणि नातीने ती वाचून दाखवली. लेक डॉक्टर, सून पाहुणी गायिका, नात घराची वारस. आणि सुनेची आई, म्हणजे काकूंच्या विहीणबाई, घराच्या मालकीण. त्यांच्या खांद्यावर लगेच मखमली शाल आली. काकूंच्या गळ्यात पांढरा एप्रन पडला.

"मी कोण?" काकूंनी विचारलं.

नात जरा घुटमळली. "तू घरातले कपडे धुतेस, आजी."

बत्तीस वर्षं काकूंनी स्वतःची लॉन्ड्री चालवली होती. हाताखाली अकरा माणसं. शाळा चौथीत सुटली, म्हणून पावत्या कधी फाडल्या नाहीत. कुणाचं कापड कुठलं, कधी आलं, गठ्ठ्यात कशाच्या खाली होतं, सगळं डोक्यात. एक रुमाल इकडचा तिकडे झाला नाही. आणि इथे येऊन पुन्हा धोबीण. मालकीण कोण, तर शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई, जिने स्वतःची ओढणीसुद्धा बाहेर इस्त्रीला दिली.

"कार्ड बदलून घेऊ या का?" विहीणबाईंनी विचारलं.

"कशाला? तुम्हाला शोभतंय," काकू म्हणाल्या. त्या आवाजाने दूध नासलं असतं.

खरं दुखणं कार्डाचं नव्हतंच. नातीचं कॉलेज पुढच्या महिन्यात सुरू होणार होतं, दोघी आज्या राहत होत्या त्याच शहरात. चार वर्षं तिने एकीच्या घरी राहायचं होतं. कुणाच्या, ते तिचं ती ठरवणार होती आणि आज संध्याकाळी सांगणार होती. काकूंनी मागची खोली रंगवून घेतली होती, इस्त्रीचं टेबल बाहेर काढलं होतं. विहीणबाईंच्या घरात भिंतभर पुस्तकं होती, आणि कॉलेज तिथून पायी दहा मिनिटांवर. आठ दिवस काकू नातीचं तोंड वाचत होत्या आणि आठही दिवस ते तोंड माईआजीच्या, म्हणजे विहीणबाईंच्या, कानाशी लागलेलं दिसत होतं.

दार बाहेरून बंद झालं. डॉक्टर आणि गायिका दवाखान्याच्या खोलीत गेले. मालकीण आणि वारस वरच्या मजल्यावर. काकूंना काळ्या झग्याच्या बाईने जिना उतरून तळघरात सोडलं.

तळघर मात्र झकास होतं. दगडी हौद, तांब्याचा बंब, कोळशाच्या इस्त्र्या, भिंतीला नऊ आकड्यांचं कुलूप असलेलं दार. मधोमध दोरीवर नऊ कपडे. आणि वरच्या मजल्यावरून मळके कपडे खाली टाकायला भिंतीत एक रुंद नळी. त्या नळीतून कपडे काही आले नाहीत. आला तो हसण्याचा आवाज.

"माईआजी, कसलं डोकं आहे तुझं."

"अगं, शाळेत चिठ्ठ्या पकडण्यात जन्म गेला माझा."

मग टाळीचा आवाज. मग पुन्हा हसणं. काकू नळीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि आपण कान लावून ऐकतोय हे लक्षात आल्यावर मागे सरकल्या. आपल्यासोबत ही पोरगी शेवटची कधी अशी हसली ते त्या आठवू लागल्या. आठवलं, पण त्याला वर्ष होऊन गेलं होतं.

राग आला की काकूंचे हात चालतात. दोरीवरचे कपडे कसेही टाकले होते. चादरीशेजारी मोजा, मोज्याशेजारी सदरा, एक उशीचा अभ्रा तर उलटा. असलं वाळत घालणारीला त्यांनी त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. एकेक ओढून काढला, झटकला, घडी घातली. चादरी चादरींवर, सदरे सदऱ्यांवर, बारीकसारीक वेगळं. दोरी रिकामी झाली तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं.

तेवढ्यात नात धावत खाली आली. मागून शाल सावरत विहीणबाई.

"आजी, मिळालं आम्हाला. प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने आकडा आहे. दोरीवर ज्या क्रमाने कपडे आहेत, त्या क्रमाने…"

ती रिकाम्या दोरीकडे बघत राहिली. मग टेबलावरच्या तीन नीटनेटक्या गठ्ठ्यांकडे.

काळ्या झग्याची बाई जिन्यात येऊन उभी राहिली आणि तिच्या भाषेत काहीतरी विचारू लागली. हे कुणी केलं, एवढं न समजायला काकू दुधखुळ्या नव्हत्या.

"मी सांगितलं त्यांना आवरायला," विहीणबाई म्हणाल्या, आधी आपल्या भाषेत, मग तिच्या भाषेत. "मालकीण मी. चूक माझी."

नातीने माईआजीकडे कौतुकाने पाहिलं. शाल घेतली, पोर घेतली, आता चूकसुद्धा हिलाच हवी.

"मला कुणी काही सांगितलं नाही," काकू म्हणाल्या. "मी आपल्या हाताने काढले. आणि तुमच्या सांगण्यावरून कपडे आवरायला मी काही तुमच्या घरची नोकर नाही."

"हो, पण मी आपलं…"

"बाजूला व्हा. दोरी माझी आहे."

काकू गठ्ठ्यांपुढे उभ्या राहिल्या आणि डोळे मिटले. हाताने काढलेलं कापड हात विसरत नाही. "पहिला उलटा अभ्रा. त्याच्या मागे रफू केलेली चादर. मग मोजा. मग सदरा, कॉलरला पिवळा पडलेला." एकेक उचलून त्या दोरीवर टाकत गेल्या. नात कोपरे उलटून आकडे टिपत होती. सहाव्याला काकू अडल्या. हातातला टॉवेल हुंगला, खाली ठेवला, पेटीकोट उचलला. "हा आधी. हा अजून ओला होता, याची ओल मागच्या टॉवेलला लागली होती."

नववा आकडा फिरला आणि दार उघडलं. नातीने काकूंचा दंड घट्ट धरला. "आजी, पावतीशिवाय."

काकूंनी विहीणबाईंकडे पाहिलं, पण त्या टाळ्या वाजवत होत्या. त्यामुळे निम्मी मजा गेली.

त्या दारातून खेळाच्या नियमाने फक्त मालकीण आणि धोबीण आत जाऊ शकत होत्या. आत छोटी कोठी, एक ट्रंक, पलीकडे दुसरं दार. ते बाकीच्यांनी वरून उघडायचं. दोघी ट्रंकेवर बसल्या, मध्ये दोन माणसं मावतील एवढं अंतर ठेवून.

विहीणबाई म्हणाल्या, "ती तुमच्याकडे राहणार आहे."

"कोण सांगतं?"

"तीच. इकडे यायच्या आधीच सांगितलं मला."

काकू हसू लागल्या आणि मध्येच थांबल्या. "तुम्हाला आधी सांगितलं?"

"मला वाईट वाटेल म्हणून."

"आणि मला का नाही?"

"तुम्ही आठ दिवस माझ्यासमोर मिरवलं असतं म्हणून."

बोलणं खरं होतं. "माझ्याकडे का म्हणे?" काकूंनी विचारलं.

"तुमच्याशी भांडता येतं म्हणाली. माझ्याकडे सगळं समजून घ्यावं लागतं." विहीणबाईंनी शालीची किनार दुमडली, उलगडली. "तुम्हाला आज कळेल तेव्हा पहिल्यांदाच कळतंय असं दाखवा. तिला ते स्वतः सांगायचंय."

"मग तुम्ही कशाला सांगितलंत?"

"सकाळपासून तुम्ही ज्या नजरेने बघताय ना, ती सोसवेना मला."

चार वाजता सगळे बाहेर रस्त्यावर आले. शाल गेली, एप्रन गेला. कोपऱ्यावरच्या बाकाजवळ नात थांबली. आधी तिने माईआजीकडे पाहिलं, त्यांनी किंचित मान हलवली, आणि तेवढी मानसुद्धा काकूंना खुपली.

"आजी, मी तुझ्याकडे राहायला येणार आहे."

"खरंच की काय," काकू म्हणाल्या. गिऱ्हाईकाने विचारलं नसताना भाव सांगावा तसं, अगदी सपाट. तरी पोरीने गळ्यात हात टाकले. काकूंनी तिला घट्ट आवळली आणि तिच्या खांद्यावरून समोर पाहिलं.

विहीणबाई डोळे पुसत होत्या. इतक्या दिवसांच्या शिळ्या बातमीवर ताजं रडणं. सून धावली, लेक धावला, आणि काकूंच्या गळ्यातले हातही सुटले. "माईआजी, मी दर रविवारी येणार ना," म्हणत नात तिकडे गेली.

त्या रडण्यात खरं किती आणि दाखवायचं किती, हे काकूंना कळेना. आपल्याला तसं साता जन्मात जमलं नसतं, एवढं मात्र कळलं.