दाराच्या कप्प्यातला दुसरा डबा

मी एक जुना फ्रिज आहे, आणि मित्रांनो, मला फार राग आलेला आहे. थंड राहणे हाच माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे राग मला शोभत नाही हे मी जाणतो. पण आयुष्यभर गप्प राहून घरातले सगळे पोटात घालणाऱ्यालाही एक दिवस बोलावेसे वाटते. आज मी बोलणार आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा वाकवून माझे अंग बनवले आणि त्यावर फिकट निळा रंग दिला. रांगेच्या शेवटी एक म्हातारा कामगार बसे. तो प्रत्येकाचे दार उघडून सोडून देई आणि कान देऊन ऐके. माझे दार 'धप्प' करून लागले, तशी त्याने मान डोलावली आणि पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून आठवते. तेव्हा वस्तू बनवणाराही कान देऊन ऐकत असे, मित्रांनो.

मला विकत घेतले एका बस कंडक्टरने. हप्त्याने घेतले, पण घरी मिरवत आणले. त्यांची बायको नवीनच लग्न होऊन आली होती. तिने माझ्या डोक्यावर घालायला स्वतः जाळीचे कापड विणले. आळीत फ्रिज असलेले ते पहिलेच घर. शेजारच्या बायका वाटी घेऊन बर्फ मागायला येत आणि जाताना मला हात लावून बघत. कुणाला ताप आला की माझी आठवण निघे. इतका मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

त्यांचा मुलगा माझ्यासमोर रांगायला शिकला. जरा मोठा झाल्यावर त्याला एक वेड लागले. दार लावल्यावर आतला दिवा विझतो की जळतच राहतो, हे त्याला पाहायचे असे. दार अगदी बारीक फटीएवढे उघडून तो डोळा लावून बसे. शेवटी त्याने निकाल दिला, "दार लावलं की आत काहीच नसतं." सगळे हसले. मीही मनात हसलो. हा मुलगा मोठेपणीही तेच खरे मानून चालेल, असे तेव्हा कुणाला वाटले होते?

वर्षे गेली. माझा रंग उडाला, दाराचे रबर सैल झाले, आणि माझा आवाज घरभर घुमू लागला. कंडक्टर निवृत्त झाले, मुलाचे लग्न होऊन सून घरात आली. त्यांची बायको माझ्या डोक्यावरच्या बिस्किटांच्या डब्यात नव्या फ्रिजसाठी पैसे साठवू लागली. म्हणजे माझ्या निरोपाची सोय माझ्याच डोक्यावर! मला त्याचे वाईट वाटले नाही. म्हातारपणी असे व्हायचेच.

मग कंडक्टरांना साखरेचा आजार जडला आणि घरात इन्सुलिन आले. शाईच्या पेनासारखे दिसणारे इंजेक्शन, डब्यात नीट ठेवलेले. त्याला माझ्या दाराचा वरचा कप्पा मिळाला. हे इन्सुलिन कसे राजासारखे राहत होते ते ऐका. येणारा जाणारा विचारी, "काय कंडक्टरसाहेब, साखर किती?" ते आकडा सांगत. चार माणसांत शर्ट वर करून पोटाला सुई टोचून घेत. कुणाला त्यात लाजण्यासारखे काही वाटले नाही.

त्यांची नजर अधू झाली होती. सून चष्म्याच्या दुकानात कामाला. ती बिचारी सांगून दमली.

"बाबा, चला ना दुकानात. नंबर बदललाय तुमचा."

"बघू गं पुढच्या महिन्यात. मला डोळ्यांची गरजच काय? जन्मभर कानाने तिकिटं फाडली मी!"

आणि खरेच, ते पेनाचा आकडा वाचतच नसत. मागचे बटण फिरवत आणि टक् टक् आवाज मोजत. वीस टक् झाले की थांबत. सून शेजारी उभी राहून पाही. "दुखतं का हो?" असे एकदा तिने विचारले.

"छे! सुई गेली की श्वास सोडायचा. मग सावकाश दहापर्यंत मोजायचं आणि मगच काढायची. चालत्या गाडीतून उतरायचं नाही, एवढंच लक्षात ठेव."

तिने ते का विचारले, हे त्या वेळी तिथे फक्त दोघांना ठाऊक होते. तिला स्वतःला, आणि मला.

मित्रांनो, काही जोडप्यांना मूल हवे असते पण सहज होत नाही. मग डॉक्टर त्यातल्या बाईला काही दिवस रोज एक इंजेक्शन घ्यायला सांगतात. पोटातली बीजे नीट वाढावीत म्हणून शरीरातलेच एक द्रव्य बाहेरून द्यायचे. आजारी माणसाने औषध घ्यावे तितकीच ही साधी गोष्ट. तपासण्या मुलाच्याही झाल्या होत्या आणि सुनेच्याही. कुणात काय निघाले ते मी सांगणार नाही. तुम्ही विचारूही नका. माणसे हे विचारतात ते फक्त बोट कुणाकडे दाखवायचे ते ठरवण्यासाठी.

दवाखान्यात तिला काय समजावले? परिचारिका म्हणाली, "पोटावर घ्यायचं, रोज एकाच वेळेला, फ्रिजमध्ये ठेवायचं. कळलं ना? पुढच्या कोण आहेत?" संपले समजावणे! डब्यात एक कागद होता, त्यावर मुंगीच्या पायाएवढी अक्षरे. सुनेने तो दुकानात नेला आणि गिऱ्हाईक नसताना भिंगाखाली धरून वाचला. घेणाऱ्याने वाचूच नये म्हणून इतके बारीक छापतात की काय, कोण जाणे. किंमत मात्र डब्यावर ठळक होती. एका पेनाला मुलाचा अर्धा पगार. तो लिफ्ट दुरुस्त करायला जाई, आता सुट्टीच्या दिवशीही जाऊ लागला.

आणि हे सगळे गुपचूप. मुलाचा हुकूमच होता तसा.

"आईबाबांना कळता कामा नये. उगाच चर्चा नको."

"अरे, पण फ्रिजमध्ये ठेवायचंय. दिसणार नाही का?"

"बाबांच्या इन्सुलिनच्या रिकाम्या डब्यात घाल आणि भाज्यांच्या खाली सरकव. कोण बघतंय!"

दार लावले की आत काहीच नसते! माझे सगळे कप्पे खडखडले, पण माझी खडखड कोण मनावर घेतो? म्हातारा झालाय, एवढेच म्हणतात.

एकीकडे सासूबाईंची टकळी चालूच होती. वाईट बाई नव्हती ती. पण शेजारणी जमल्या की हिचे सुरू होई, "आमच्याकडे कुठली आलीय गोड बातमी! राणीसाहेबांना दुकानातून सवड मिळेल तेव्हा!" सगळ्या हसत. सून तेव्हा माझे दार उघडत असे आणि काहीतरी शोधत असल्यासारखी डोके आत घालून उभी राही. दुधाचे भांडे समोर असे, तरी ती दूधच शोधत असे. माझ्या आतल्या दिव्याने तिचे रडणे पाहिले आहे. बाहेरून आवाज येई, "अगं, दार लाव, बिल वाढतंय!"

आता त्या संध्याकाळचे सांगतो.

सासूबाईंनी दुपारी मला धुऊनपुसून घेतले. भाज्यांच्या खाली इन्सुलिनचा डबा पाहून त्या पुटपुटल्या, "हा इथे कुणी टाकला? यांचं कुठे लक्ष असतं!" आणि त्यांनी तो उचलून दाराच्या वरच्या कप्प्यात ठेवला. मी जिवाच्या आकांताने घरघरलो. त्यांनी मला एक चापट मारली.

संध्याकाळी कंडक्टरांचे पेन संपले. त्यांनी तो डबा घेतला, पेनाला सुई लावली, टक् टक् वीस वेळा मोजले आणि टोचून घेतले. मग सावकाश दहापर्यंत मोजून ते कपाळाला आठी घालत म्हणाले, "ही कुठली नवी कंपनी? याचा आवाज जाडा येतो."

सून नुकतीच कामावरून आली होती. तिने ते पेन पाहिले आणि ती मटकन खाली बसली.

"बाबा, ते तुमचं नाही."

"माझं नाही म्हणजे? या घरात आणखी कुणाला साखर आहे?"

"साखरेचं नाहीये ते. माझं आहे. मूल व्हावं म्हणून." मग तिला शब्दांना बांध घालता आला नाही. "आता ते मला चालणार नाही. दुसऱ्याने वापरलेलं पेन सुई बदलूनही घ्यायचं नसतं. आजचं इंजेक्शन चुकलं तर इतके दिवस घेतलेलं सगळं पाण्यात. आणि तुम्हाला काही झालं तर?"

मुलगा दारातच उभा होता, हातात पान्ह्यांची पिशवी. बोलल्या त्या सासूबाई.

"किती दिवस चाललंय हे?"

त्या सुनेकडे वळल्या.

"मी शेजारणींसमोर वाट्टेल ते बोलत होते, आणि तू पोटाला सुया टोचून घेत होतीस? आणि तू रे! तू ऐकत उभा राहायचास! तुझ्या तोंडाला काय कुलूप लावलं होतं?"

"आई, मला वाटलं..."

"तुला काय वाटतं ते तुझ्या लिफ्टला सांग!"

कंडक्टरांनी आपल्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांना धोका नव्हता. साखर मोजून, डॉक्टरांनी सांगितले तसे त्यांनी शेजारच्या डब्यातले आपले नवे पेन काढून इन्सुलिन घेतले. पण मित्रांनो, मी वेगळ्याच विचाराने थरथरत होतो. हेच उलटे झाले असते तर? दारातले डबे सारखेच. घाईत सुनेने इन्सुलिन टोचून घेतले असते, तर साखर एकदम उतरून ती माझ्याच पायाशी कोसळली असती. कशामुळे? औषधामुळे नव्हे, चोरून ठेवण्यामुळे. चोरी नसताना चोरासारखे वागायला लावले त्या पोरीला!

सासूबाईंनी माझ्या डोक्यावरचा बिस्किटांचा डबा खाली ओढला आणि सुनेच्या मांडीवर रिकामा केला.

"ऊठ. औषधाचं दुकान बंद व्हायच्या आत नवं आण."

"आई, हे नव्या फ्रिजचे..."

"हा अजून गार करतोय ना? मग ऊठ!"

सासरा आणि सून पायात मिळतील त्या चपला घालून गेले. तिथे काय झाले ते मी परत आल्यावर कंडक्टरांच्या तोंडून ऐकले, तेही निम्म्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात. त्यांनी औषधवाल्याला सरळ विचारले होते, "यातलंच दुसरं काही स्वस्त येतं का?"

"येतं की. पेन नाही, पावडरची कुपी. पाणी मिसळून घ्यायची. निम्म्या किमतीत बसेल. डॉक्टरांनी तसं लिहून द्यायला हवं फक्त."

"मग ही पोरगी इतके दिवस येतेय, तिला का नाही सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं कुठे?"

तिथूनच दवाखान्यात फोन केला. डॉक्टर म्हणाल्या, "हो, चालेल की, लिहून पाठवते. पेन सोपं पडतं, आणि तुम्हाला परवडतंय असं वाटलं."

वाटलं! अर्धा पगार एका डब्यात जात होता आणि यांना वाटलं! मुलाला वाटलं की कुणाला कळू नये. शेजारणींना वाटलं की गंमत आहे. ज्याला त्याला काहीतरी वाटत होते, आणि टोचून मात्र एकटी घेत होती. मित्रांनो, माझा राग आहे तो यावर.

त्या संध्याकाळचे इंजेक्शन चुकले नाही. कुपीत पाणी कसे मिसळायचे ते सुनेने औषधवाल्याला दोनदा करून दाखवायला लावले. तिसऱ्यांदा तिने स्वतः करून त्याला दाखवले. घरी आल्यावर ती कुप्या घेऊन खोलीकडे निघाली.

"बाबा, या कपाटात ठेवल्या तरी चालतात. फ्रिजची गरज नाही, फक्त ऊन लागायला नको."

"चालत असेल," कंडक्टर म्हणाले, "पण थंडीनं बिघडत तर नाही ना?"

"नाही. गोठू द्यायचं नाही, एवढंच."

"मग इकडे आण." त्यांनी त्या कुप्या एका वेगळ्या, लाल झाकणाच्या डब्यात भरल्या आणि माझ्या दारात, आपल्या इन्सुलिनच्या खालच्या कप्प्यात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवल्या. "लाल तुझं, पांढरं माझं. आणि उद्या मला चष्म्याचा नंबर काढून दे. कान दगा देतात."

दुसऱ्या दिवशी एक शेजारीण बर्फ मागायला आली. दार उघडताच तिने विचारले, "हे कसलं हो, लाल झाकणाचं?"

मी श्वास रोखला.

"सुनेचं औषध आहे," सासूबाई म्हणाल्या. "रोज घ्यावं लागतं. धीराची आहे. बर्फ किती हवाय?"

आता तुम्ही विचाराल, मग बाळ झाले का? पाहा, तुम्हीसुद्धा तेच विचारता! बरे, सांगतो. त्या वेळी नाही झाले. ती बातमी आली तेव्हा सून स्वयंपाकघरात टेबलाशी बसून रडली, मोठ्याने, सगळ्यांसमोर. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मुलगा तिच्या शेजारी बसून होता. तो उठून गेला नाही. पुन्हा प्रयत्न करायचा की नाही हे तिने ठरवायचे, असे कंडक्टर म्हणाले. तिने ठरवायला बरेच दिवस घेतले. परवा लाल झाकणाचा डबा पुन्हा दारात आला आहे.

मित्रांनो, माझे रबर आता आणखी सैल झाले आहे. दार नीट लावत जा, मागची जाळी पुसत जा, हे मी मागायला हवे, पण आज मी स्वतःसाठी काही मागत नाही. कुणाच्या घरी गेलात तर गोड बातमी विचारू नका. कुणाला औषध समजावून सांगायची वेळ आली, तर त्याला कळेपर्यंत सांगा. आणि तुमच्या घरातले कुणी फ्रिजचे दार उघडून उगाच फार वेळ उभे राहिलेले दिसले, तर बिलाची आठवण करून देऊ नका. जवळ जा आणि हळूच ते दार लावून घ्या. रडणाऱ्या माणसाला माझी थंडी उपयोगाची नाही. त्याला तुमची ऊब द्या.