समाधान चौऱ्याण्णव टक्के

सर्व्हेवाला येणार म्हटल्यावर पुष्पावतीनं आदल्या दिवशीच माळवस्तीच्या साठ घरांत फर्मान काढलं. "रडायचं न्हाई. काय बी इचारलं तर सगळं हाय म्हनायचं."

बाई वेडी नव्हती. सहा वर्षांपूर्वी असाच एकजण वही घेऊन आला होता, तेव्हा बायांनी पोटभर गाऱ्हाणी सांगितली. पत्रे गळतात, संडास नाही, पाणी नाही. महिन्याभरात वरच्या आळीत जेसीबी शिरला. कागदावर 'राहण्यास अयोग्य' असा शेरा होता म्हणे. ऊसतोडीच्या निमित्तानं पाथर्डीकडून निघून नगरच्या कडेला टेकलेली ही माणसं. शाळा अर्धवट, पण हा धडा पक्का गिरवला. कागदवाल्यापुढं दुखणं काढू नये, तो दुखण्याबरोबर घरही काढतो.

यंदाचा होता सुहास. कुठल्याशा संस्थेचा, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. पोरगा बोलायला गोड, पण मान वर करील तर शपथ. पुष्पावतीनं त्याला ओट्यावर बसवून चहा दिला.

"पाण्याची सोय आहे का?"

"हाय की."

"पुरेसं मिळतं?"

"भरपूर."

तेवढ्यात तिची सून धनश्री बायपासपलीकडच्या विहिरीवरून हंडा घेऊन आली. सातवा महिना, दम लागलेला. बुटांवर पाणी सांडू नये म्हणून सुहासनं पाय मागं घेतले आणि 'पुरेसं'वर बोट टेकवलं. पुष्पावतीला बरं वाटलं. घर वाचलं, असं तिनं मनाशी धरलं.

दोन महिन्यांनी त्याच सर्व्हेवरून नळाच्या लाईनची यादी लागली. त्यात माळवस्ती नव्हती. शेजारची बंगल्यांची कॉलनी मात्र पहिल्या नंबरवर, कारण तिथल्या लोकांनी गाड्या धुवायला पाणी पुरत नाही म्हणून टाहो फोडला होता. त्यांना काय, त्यांच्या रडण्यानं कोणाचं छप्पर जात नाही.

पुष्पावती तडक संस्थेच्या हापिसात गेली. सुहासनं तिला ओळखलं, वर खुर्चीही दिली.

"मावशी, तुमची वस्ती म्हणजे नमुना. समाधान चौऱ्याण्णव टक्के." त्यानं कौतुकानं आलेख दाखवला. माळवस्तीचा खांब सगळ्यात उंच, हिरवागार.

"सायब, आमी खोटं बोललो."

"सगळे?"

"सगळे. मीच शिकवलं हुतं. खरं बोलल्यावर मागं घरं पाडली."

सुहासनं आलेख बाजूला सारला.

"पर तुमाला डोळे हुते की. माझी पोटुशी सून तुमच्या पायाशेजारून हंडा घेऊन गेली."

"पाहिलं मी," तो खाली बघत म्हणाला. "पण पाहिलेलं भरायला रकाना नसतो, मावशी. तुम्ही सांगाल तेच भरायचं."

"मंग आता सांगते. लिवा."

"आता अहवाल गेला. पुढचा सर्व्हे पाच वर्षांनी."

पुष्पावती चालत घरी आली. रस्ताभर स्वतःलाच शिव्या घालत होती. शहाणपणा नडला, आणि तोही सुनेच्या जिवावर.

धनश्री रिकामा हंडा काखेत धरून निघायच्या बेतात होती. "काय म्हनले सायब?"

"आपुन लई सुखी हाओत म्हनले," पुष्पावती म्हणाली, आणि सुनेच्या काखेतला हंडा काढून घेऊन स्वतःच विहिरीच्या वाटेला लागली.