पाखरांची पहिली खेप

“तात्या, वस्तीतल्या पोरांची खेप दर वेळी शेवटचीच का असती?”

हा प्रश्न विचारला नववीतल्या तेजश्रीने, पण तिला पुढे ढकललं होतं वस्तीतल्याच मैत्रिणींनी, साक्षी आणि रोहिणीने. “दम असंल तर इचार म्हस्कूतात्यांना,” असं म्हणून दोघी बाभळीमागे दडल्या होत्या. तात्या माझ्यात साचलेलं पाणी डब्याने उपसत होते. त्यांचा हात तसाच थांबला.

मित्रांनो, मी उजनी धरणाच्या काठावरची एक जुनी होडी आहे. धरणाचं पाणी शिवारात शिरलं आणि जिथे मोट चालायची तिथे मासे पोहू लागले, त्या वर्षी म्हस्कूतात्यांनी मला घडवलं. फळ्या जोडल्या, फटींत कापूस ठासला, वर डांबर चोपडलं. पहिल्यांदा पाण्यात उतरले तेव्हा मी अशी एका कुशीवर कलले की सगळा काठ हसला. तेव्हापासून तात्या प्रत्येक माणसाला आधी डोळ्यांनी तोलतात, मगच बसवतात. भारी माणूस मधे, हलकं टोकाला. मला कुणाचं आडनाव कळत नाही. मला फक्त वजन कळतं.

काठावर मात्र वेगळीच तऱ्हा होती. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बुडालेल्या गावचं देऊळ वर येतं. ते बघायला पहिल्या खेपेला मानकरी, दुसरीला गाव आणि शेवटी बौद्ध वस्ती, अशी रीत पडली. पुढे शाळेची पोरं रोहित पक्षी बघायला येऊ लागली, तर तात्यांनी तीच रीत पाखरांनाही लावली. आता रोहित काय कुणासाठी थांबतात? ऊन चढलं की उठून पार पलीकडच्या काठाला जातात. काठापासून मैलावर राहणाऱ्या तेजश्रीने चार वर्षांत पाहिलं काय, तर पाण्यावर तरंगणारी पिसं. आणि १९९६ सालची ही तिची शेवटची सहल होती, कारण दहावीच्या पोरांना सहलीला नेत नसत.

“रीतच हाय ती, पोरी. मानकरी आधी,” तात्या म्हणाले.

“देवळाला मानकरी असत्यात. पाखरांचा मानकरी कोण?”

पाटलांचा अविराज तोवर माझ्यात ऐसपैस बसला होता. “तू ये की मागनं. एखादं म्हातारं पाखरू ठिवतो तुझ्यासाठी.”

“तू बसल्यावर होडी तरी वर ऱ्हाईल का?”

काठ हसला. अविराजही हसला. तेजश्री मात्र पुन्हा तात्यांकडे वळली. “तात्या, हे पाणी सरकारी. ह्याच्याखाली पाटलांचा मळा हाय, तशी माझ्या भामाआजीची जिराईत बी हाय. मग बघायला आमी मागं का? होडीत तुमी माणूस वजन बघून बसवता, आन काठावर घर बघून?”

सहलीबरोबर आलेल्या गुरुजींनी हजेरीची वही मिटली. तात्यांनी डबा खाली ठेवला.

“अविराज, मधी सरक. ह्या तिघी टोकाला. बाकी जो आधी आला त्यो आधी बसंल.”

“आन माझा मान?”

“तुझा मान वल्ह्यावर. मार वल्हं.”

मग काय सांगू मित्रांनो! माना पाण्यात बुडवून शेकडो रोहित चरत होते आणि अख्खी होडी श्वास रोखून बसली होती. तेजश्रीने माझी कड इतकी घट्ट धरली की तिचे तळवे डांबराने काळे झाले.

“त्यो बघ, लंगडा,” अविराज कुजबुजला.

“लंगडा न्हाय रं, एका पायावर झोपलाय.”

तेव्हापासून तोच नियम झाला. दोन-चार मानकरी रुसले, दोन रविवार फिरकले नाहीत. तिसऱ्या रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन उभे.

मित्रांनो, माझ्या फळ्या आता खिळखिळ्या झाल्या आहेत. वर्षातून एकदा तरी मला डांबर लावा, माझ्यात दगड टाकू नका. आणि काठावर कुणी मागे घुटमळत असेल तर त्याला हाक मारा. अर्धी रिकामी होडी हलकी होत नाही, ती डचमळते.

त्याच उन्हाळ्यात एका रविवारी तेजश्री तिच्या आईला आणि वडिलांना, अण्णांना, घेऊन आली होती. अण्णा साखर कारखान्यात टाइमकीपर होते. आई, ताईबाई, इतक्या वर्षांत कधी माझ्यात चढलीच नव्हती. भर पाण्यात आल्यावर तिने हात बुडवला आणि म्हणाली, “हितंच कुठंतरी आमची चूल हुती.” बराच वेळ तिने हात बाहेर काढला नाही.

तेजश्रीने तात्यांकडून वल्हं मागून घेतलं, दोन वेळा चुकीचं मारलं, तिसऱ्यांदा मी सरळ निघाले.

“आई, अण्णा, ह्या सुट्टीत मी मामाकडं बारामतीला न्हाय जाणार,” ती म्हणाली. “रोज सकाळी मी हितं होडीवर असणार. तात्या वल्हं शिकवणार हायेत, आन पाखरं मी दाखवणार. जो येईल त्याला.”